ऑर्किडच्या पानांवरील डाग आणि हवेतील ओलावा : डहाणू-तलासरीच्या संदर्भात एक विवेचन

मराठी शेतकऱ्यांच्या बोलीत 'करपा' हा शब्द मोठ्या सैलपणे वापरला जातो. भाताच्या पानांवरील ठिपके, कांद्याची वाळणारी पात, केळीच्या पानावर पसरत जाणारे पट्टे, या सर्वांस करपाच म्हणतात. वस्तुतः हे सर्व रोग कवकजन्य आहेत. पण शब्दाचे नाते आहे ते 'करपणे' या क्रियेशी, म्हणजे आच लागून जळण्याशी. पिकांच्या बाबतीत या संदिग्धतेने फारसे बिघडत नाही. ऑर्किडच्या बाबतीत मात्र बिघडते. ऑर्किडचे पान खरोखरच उन्हाने करपते, आणि कवकानेही 'करपते'. दोन्ही वेळा दिसतो तो तपकिरी, कोरडा, खोलगट डागच. पहिल्या प्रकारात औषधफवारणी निरर्थक ठरते, दुसऱ्या प्रकारात सावली वाढविली तर ओल अधिक काळ टिकून रोगास बळ मिळते. शासनाच्या फलोत्पादन योजनांतून शेडनेटगृहांस साहाय्य मिळू लागल्यापासून ऑर्किड ही केवळ हौशी बागवानाची वनस्पती राहिलेली नाही. लागवडीत भांडवल गुंतविणाऱ्यास एका डागाचे निदान चुकणे परवडत नाही.

यात आणखी एक अडचण आहे. ऑर्किडचे पान दीर्घायुषी असते. व्हँडा किंवा फॅलेनॉप्सिस यांचे एकच पान दोन-चार वर्षे झाडावर राहू शकते, आणि त्यावर एकदा उमटलेला डाग भरून येत नाही. त्यामुळे जूनमध्ये पाहणी करणाऱ्यास जी विकृती दिसते तिचे मूळ मार्चमध्ये असू शकते, आणि चालू हवामानाशी तिचा काही संबंध नसतो. पान हे त्या झाडाच्या मागील दोन-तीन वर्षांचे टिपण आहे, असे समजूनच ते वाचावे लागते. हे टिपण वाचण्यासाठी स्थळ, काळ आणि ओलावा या तिन्हींची सांगड घातली पाहिजे. नुसत्या डागाच्या रंगरूपावरून केलेले निदान पुष्कळदा फसवे निघते.

डहाणू व तलासरी हे पालघर जिल्ह्याच्या उत्तर टोकाचे शेजारी तालुके. वार्षिक पर्जन्यमान दोन हजार मिलिमीटरच्या आसपास आहे, आणि जवळजवळ सर्व पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडतो. उरलेले आठ महिने कोरडे. पण हा कोरडेपणा सर्वत्र सारखा नाही. डहाणू, घोलवड, बोर्डी या किनारपट्टीवर दुपारी समुद्रावरून वारा येतो आणि हवेत दमटपणा टिकून राहतो. तलासरी तालुक्याचा समुद्राशी संबंध झाईच्या छोट्या किनाऱ्यापुरताच आहे. बाकी सर्व भाग डोंगरउतारांचा आणि माळाचा. तेथे माघ-फाल्गुनात सकाळपासून पूर्वेकडील कोरडा वारा वाहतो आणि समुद्रावरील वारा उशिरा पोहोचतो, काही दिवस तर जवळजवळ पोहोचतच नाही. उत्तर कोकणातील उन्हाचे उच्चांक पुष्कळदा मे महिन्यात न होता मार्चमध्ये होतात ते यामुळेच. मुंबईत सांताक्रूझ येथे २८ मार्च १९५६ रोजी ४१.७ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले, त्याचे कारणही हेच होते. किनाऱ्यावरील बागवान मे महिन्याच्या उन्हाची तयारी करीत असतो. आतल्या बाजूच्या बागवानाचे नुकसान तोपर्यंत होऊन गेलेले असते.

याच प्रदेशातील रानात ऑर्किड आपोआप वाढतात, ही गोष्ट आर्द्रतेच्या चर्चेत नेहमी विसरली जाते. पश्चिम भारतातील ऑर्किडांची नोंद कुक यांच्या १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध झालेल्या मुंबई इलाख्याच्या वनस्पतिसूचीत आणि पुढे संतापाऊ व कपाडिया यांच्या १९६६ मधील 'द ऑर्किड्स ऑफ बॉम्बे' या ग्रंथात झाली. सीतेची वेणी म्हणून ओळखली जाणारी ऱ्हिंकोस्टायलिस रेटुसा, रास्ना या नावाने परिचित असलेली व्हँडा टेसेलाटा, डेंड्रोबियम बार्बाट्युलम, अकॅम्पे या कोकणच्या झाडीतील परिचित जाती होत. त्या आंब्याच्या वा ऐनाच्या खोडावर वाढतात, मुळे उघड्या हवेत लोंबत असतात, आणि ऑक्टोबरपासून जूनपर्यंत त्यांना कोणी पाणी घालीत नाही. डेंड्रोबियम बार्बाट्युलम पाने गाळून आभासी कंदांवर दिवस काढते व पानांविनाच फुलते. व्हँडाची पाने जाड, खोबणीसारखी, पाणी धरून ठेवणारी असतात. ऑर्किडला 'नेहमी ओलसर हवा' लागते हा समज या वनस्पतींकडे पाहिल्यावर टिकत नाही. मुळांवरील वेलामेन नावाचे स्पंजासारखे आवरण पावसाच्या एका सरीत पाणी शोषून घेते आणि सर ओसरताच वाऱ्याने सुकते. भिजणे आणि सुकणे हे चक्र हीच या मुळांची सवय होय. सततची ओल त्यांना अवर्षणाइतकीच, किंबहुना अधिक घातक असते.

'आर्द्रता किती ठेवावी' या प्रश्नाला पुस्तकांत बहुधा ६० ते ८० टक्के असे उत्तर दिलेले आढळते. हे उत्तर अपुरे आहे. सापेक्ष आर्द्रता म्हणजे त्या तापमानास हवा जास्तीत जास्त जेवढी वाफ सामावून घेऊ शकते तिच्या तुलनेत प्रत्यक्षातील वाफेचे प्रमाण; आणि ही सामावून घेण्याची मर्यादा तापमानाबरोबर झपाट्याने वाढते. २० अंशांस संपृक्त बाष्पदाब सुमारे २.३ किलोपास्कल असतो, तर ३५ अंशांस ५.६. म्हणून ७० टक्के आर्द्रता असता २० अंशांस हवेतील बाष्पदाबाची तूट ०.७ किलोपास्कल भरते, आणि तेवढीच ७० टक्के आर्द्रता असूनही ३५ अंशांस ती सुमारे १.७ होते. आर्द्रतामापकावरील आकडा एकच. पानातून पाणी ओढून घेण्याची हवेची ताकद अडीचपट. पानाला टक्केवारी कळत नाही, तूट कळते.

या दृष्टीने पाहिले असता दोन तालुक्यांचे हवामान वेगळेच दिसू लागते. मार्चमध्ये ३२ अंश तापमान व ६५ टक्के आर्द्रता असलेली किनाऱ्यावरील दुपार घ्यावी. तूट सुमारे १.७ येते. त्याच महिन्यात पूर्वेचा वारा सुटून तापमान ३९ अंशांवर व आर्द्रता २० टक्क्यांवर गेली तर तूट ५.६ होते. उलट ऑगस्टमध्ये २८ अंश व ९० टक्के असता ती ०.४ पेक्षाही कमी. म्हणजे एकाच झाडाला वर्षभरात जवळजवळ पंधरापट फरकाला तोंड द्यावे लागते. कोणत्याही एका 'योग्य' टक्केवारीचे बंधन येथे निरुपयोगी आहे.

यात पानाचे स्वतःचे तापमान हा आणखी एक घटक आहे. व्हँडा, फॅलेनॉप्सिस, कॅटलिया यांसारख्या जाड पानांच्या ऑर्किडांत क्रॅसुलेसीय अम्ल-चयापचय ही प्रकाशसंश्लेषणाची पद्धती आढळते. पर्णरंध्रे रात्री उघडतात, कर्बद्विप्राणिद वायू अम्लरूपाने साठविला जातो, आणि दिवसा रंध्रे मिटून त्याचा उपयोग केला जातो. डेंड्रोबियमच्या अनेक जातींत ही पद्धती परिस्थितीनुसार कमीअधिक प्रमाणात दिसते. ऑन्सिडियमच्या पातळ पानांच्या जातींत ती बहुधा नसते. पाण्याची बचत करणारी ही योजना अवर्षणात उपकारक असली तरी तिची किंमत द्यावी लागते. दिवसा रंध्रे मिटलेली असल्याने बाष्पोच्छ्वासाने पान थंड होण्याची सोय उरत नाही. वारा पडलेला असताना थेट ऊन लागले तर असे जाड पान भोवतीच्या हवेपेक्षा आठ-दहा अंशांनी सहज तापते. हवा ३२ अंशांवर असली तरी पान ४० च्या वर जाते आणि पेशी मरतात. येथे हवेतील ओलावा वाढवून काहीच साधत नाही; सावली आणि वाहता वारा हेच दोन उपाय. याउलट अशा झाडांचे पाणी मुख्यतः रात्री खर्च होते. तेव्हा आतल्या भागातील फेब्रुवारी-मार्चच्या कोरड्या रात्री हा त्यांच्या पाण्याच्या ताळेबंदातील खरा तोट्याचा काळ असतो, आणि दुपारी फॉगर चालवून जो ओलावा निर्माण केला जातो तो सायंकाळपर्यंत उडून गेलेला असतो.

आता डागांकडे वळावयास हरकत नाही. निदान करताना डाग कसा दिसतो याआधी तो कोठे आहे, केव्हा आला आणि पुढे सरकतो आहे की नाही, हे तीन प्रश्न विचारावेत.

ऊन लागून पडलेला डाग पानाच्या ज्या भागावर सूर्यकिरण सरळ पडतात तेथेच, म्हणजे पानाच्या कमानीच्या उंचवट्यावर पडतो. एकाच रांगेतील झाडांवर तो एकाच दिशेला तोंड करून असतो. प्रथम तो भाग फिकट, पांढुरका होतो. मग कागदासारखा कोरडा व बदामी बनतो. कडा स्पष्ट असतात आणि आठवड्यानंतरही मोजमाप बदलत नाही. शेडनेट फाटल्यावर, चिकूची फांदी तोडल्यावर किंवा सूर्य उत्तरेकडे सरकून नेटच्या कडेखालून ऊन आत येऊ लागल्यावर तो एकाएकी प्रकट होतो. डहाणू सुमारे २० अक्षांशावर असल्याने मेअखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत सूर्य मध्यान्ही माथ्याच्या किंचित उत्तरेस असतो, ही गोष्ट उत्तरेची बाजू उघडी ठेवणाऱ्यांच्या ध्यानात क्वचितच येते.

या डागावर पुढे काय होते हे पदव्युत्तर विद्यार्थ्याने विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. जून लागला की मृत ऊतकावर कोलेटोट्रिकम हे कवक वाढू लागते. डागात एकात एक वर्तुळे दिसतात, त्यांवर बारीक काळे वा गुलाबी बीजुकपुंज उठतात. असे पान प्रयोगशाळेत आणून तुकडे संवर्धन-माध्यमावर ठेवले तर कोलेटोट्रिकम अथवा फ्युजेरियम हमखास मिळते, आणि अहवालात 'कवकजन्य करपा' अशी नोंद होते. परंतु डागातून कवक मिळाले म्हणजे त्या कवकाने डाग पाडला असे सिद्ध होत नाही. रॉबर्ट कॉख यांचे निकष याचसाठी आहेत : वेगळा केलेला सूक्ष्मजीव निरोगी पानावर सोडून तोच विकार उत्पन्न झाला पाहिजे, आणि त्यातून तोच जीव पुन्हा मिळाला पाहिजे. येथे त्यात एक पुस्ती जोडणे अवश्य आहे. हा प्रयोग अक्षत पानावर आणि मुद्दाम तापवून इजा केलेल्या पानावर असा दुहेरी करावा. कवक केवळ इजा झालेल्या पानावरच वाढले तर मूळ दोष उन्हाचा व कवक मागाहून आलेले, असा निर्णय देता येईल. या एका पायरीची काटकसर झाल्याने उन्हाचे किती डाग आजवर रोगांच्या सूचीत जाऊन बसले असतील, हा विचार अस्वस्थ करणारा आहे.

पावसाळ्यातील विकृतींची गोष्ट निराळी. तेथे प्रश्न तासांचा असतो. पानावर पाण्याने भरल्यासारखा, उजेडात धरल्यास अर्धपारदर्शक दिसणारा डाग एका दिवसात दुप्पट होत असेल, ऊतक लिबलिबीत होऊन दुर्गंधी येत असेल, तर तो जीवाणूंचा मऊ कुजवा होय. डाग काळा असून बुडाकडून, म्हणजे पानाच्या तळापासून वा कोंबाच्या गाभ्यातून वर सरकत असेल, पुढच्या कडेस पिवळसर पट्टी असेल आणि पान हलक्या हाताने ओढताच निसटून येत असेल, तर फायटोफ्थोराचा संशय घ्यावा. त्यास सहसा दुर्गंधी नसते. या प्रदेशात हा संशय अधिक बळकट ठरतो, कारण पावसाळ्यात चिकूच्या फळांची जी गळ होते तिच्याशीही याच प्रजातीच्या रोगकारकाचा संबंध आढळलेला आहे. चिकूच्या वाडीत ऑर्किड टांगणारा बागवान दोन्ही पिकांना एकाच पावसाच्या थेंबाखाली आणतो.

चुकीच्या निदानाची किंमत येथे स्पष्ट दिसते. फायटोफ्थोरा हे रूढ अर्थाने कवक नव्हे. ते अंडकवकांच्या गटातील असून कार्बेन्डाझिमसारखी, बुरशीवर सर्रास वापरली जाणारी औषधे त्यावर निष्प्रभ ठरतात. मेटालॅक्सिल किंवा फोसेटिल-अॅल्युमिनियम यांसारखी औषधेच उपयोगी पडतात. जीवाणूंवर यांपैकी काहीच चालत नाही. बाधित भाग निरोगी ऊतकासह कापून टाकणे, झाड वेगळे ठेवणे आणि पाणी बंद करणे एवढेच हाती असते. उलट चिकूवर मारलेल्या बोर्डो मिश्रणाचे तुषार खालच्या डेंड्रोबियमवर पडले तर ताम्राची बाधा होऊन पानांवर काळे ठिपके उमटतात, आणि ते ठिपके पाहून आणखी औषध फवारले जाते.

उरलेल्या विकृतींचा परामर्श थोडक्यात घेता येईल. जुन्या पानांची टोके काळी पडून वाळत असतील तर क्षारांचा संचय झालेला असतो. किनाऱ्यालगतच्या विहिरींचे पाणी चैत्र-वैशाखात मचूळ होते तेव्हा हे विशेष घडते. नवीन, वाढत्या पानाचे टोकच काळे पडत असेल तर कॅल्शियमचा अभाव असू शकतो. पानाच्या खालच्या बाजूस रुपेरी, टाचणीने टोचल्यासारखी झाक हे कोळ्यांचे लक्षण. तो कोरड्या महिन्यांचा पाहुणा आहे आणि दहापट मोठे दाखविणाऱ्या भिंगाशिवाय त्याचे निदान करू नये. पानांवरील पांढरी पुटे पुष्कळदा भुरी म्हणून दाखविली जातात, पण ती फॉगरच्या जड पाण्यातील चुना असतात. ओल्या फडक्याने पुसून पाहिले की शंका फिटते. सुरकुतलेली, लोळागोळा झालेली पाने पाहून पाणी वाढविण्याचा मोह होतो. त्यापूर्वी कुंडीतून झाड काढून मुळे पाहावीत. मुळे पांढरी व टणक असतील तर तहान, तपकिरी व पोकळ असतील तर कुजणे. दोहोंचे पानावरील चिन्ह एकच आहे, कारण दोहोंत पानापर्यंत पाणी पोहोचत नाही. विषाणूंची बाधा, म्हणजे सिंबिडियम मोझॅक व ओडोंटोग्लॉसम रिंगस्पॉट, डोळ्यांनी निश्चित ठरविता येत नाही. ती प्रतिद्रव्य-परीक्षेनेच ठरवावी. तोपर्यंत कात्री प्रत्येक झाडानंतर ज्योतीवर धरावी.

डहाणूच्या संदर्भात धुराचा उल्लेख टाळता येणार नाही. १९९१ च्या अधिसूचनेने हा तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून घोषित झाला; तरीही तेथे ५०० मेगावॅट क्षमतेचे कोळशावरील औष्णिक वीजकेंद्र उभे राहिले, आणि त्याच्या धुरातील गंधकाची प्रदूषके काढणारी यंत्रणा २००७ मध्ये कार्यान्वित झाली. पानावरील प्रत्येक डागाचे खापर धुरावर फोडण्याची प्रवृत्ती जशी अशास्त्रीय, तशीच धुराची शक्यता विचारात न घेण्याची प्रवृत्तीही. गंधकद्विप्राणिदाची इजा झाली असेल तर ती एकाच जातीवर न दिसता आसपासच्या अनेक जातींवर एकाच सुमारास दिसली पाहिजे, वाऱ्याच्या दिशेस तिचा पट्टा असला पाहिजे, आणि पातळ पानांची झाडे आधी बाधित झाली पाहिजेत. रंध्रे दिवसा मिटणाऱ्या जाड पानांच्या ऑर्किडांत वायूचा शिरकाव दिवसा कमी होतो. म्हणून जेथे शेजारची भाजी निरोगी आहे आणि व्हँडा मात्र डागाळला आहे, तेथे धुराचा आरोप टिकणे कठीण. वीटभट्टीच्या धुरातील एथिलीनने कळ्या व फुले सुकतात, ती निराळी बाब होय.

आर्द्रतेचे व्यवस्थापन या निदानातूनच निघते. या प्रदेशात पान ओले राहण्याचा काळ हा सर्वांत महत्त्वाचा आकडा आहे. कवकाच्या बीजुकास रुजण्यासाठी दमट हवा पुरत नाही. पानावर सलग काही तास पाण्याचा पापुद्रा लागतो. जीवाणूंनाही एका पानावरून दुसऱ्यावर जाण्यास शिंतोडे हवे असतात. हवा दमट पण पान कोरडे, ही स्थिती ऑर्किडला मानवते. हवा दमट व स्तब्ध आणि पान ओले, ही मानवत नाही. पाऊस नसतानाही पान ओले होते हे ध्यानात ठेवले पाहिजे. ३० अंशांस ७० टक्के आर्द्रता असलेली हवा सुमारे २४ अंशांपर्यंत थंड झाली की संपृक्त होते. निरभ्र रात्री उघड्यावरील पान उष्णता बाहेर टाकून हवेपेक्षाही थंड होते व त्यावर दव साठते. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पाऊस थांबल्यावर जे डाग वाढताना दिसतात त्यांचे कारण पुष्कळदा हेच असते. सायंकाळी पाणी दिल्याने त्यात भर पडते. पाणी सकाळी दहाच्या आत द्यावे आणि सूर्यास्तापूर्वी पाने व कोंबांचे गाभे कोरडे झालेले असावेत.

शेडनेट पाऊस अडवीत नाही, थेंब बारीक करून आत सोडते. म्हणून जून ते सप्टेंबर या काळात नेटच्या वर पारदर्शक प्लॅस्टिकचे छप्पर हवे. मात्र बाजू मोकळ्या ठेवाव्यात. बाजू बंद केल्यास आत वाफारा कोंडतो. घोलवड-बोर्डीकडील जुन्या चिकूच्या वाड्यांत झाडांचे शेंडे एकमेकांत गुंतलेले असतात आणि खाली वारा जवळजवळ नसतो. तेथील गारवा ऑर्किडला आदर्श वाटतो खरा, पण पावसाळ्यात हाच गारवा घातक ठरतो. तेथे झाडे जमिनीपासून मीटरभर उंच मांडवावर, एकमेकांची पाने न टेकतील अशा अंतरावर ठेवून वाऱ्याच्या दिशेची खालची फांदी छाटणे, किंवा पंख्याची सोय करणे, हे औषधांच्या खर्चापेक्षा स्वस्त पडते. कुंडीतील भर हाही आर्द्रतेचाच भाग समजावा. नारळाच्या सोडणाचे तुकडे पाणी फार काळ धरतात. किनाऱ्यावर पावसाळ्यासाठी कोळसा व विटांचे तुकडे अधिक चांगले, आतल्या भागात उन्हाळ्यासाठी थोडे सोडण मिसळण्यास हरकत नाही. सोडण वापरण्यापूर्वी ते अनेकदा भिजवून, पाणी बदलून त्यातील क्षार काढावेत.

तलासरीच्या बाजूस प्रश्न उलटा आहे, पण त्याचे उत्तर केवळ फॉगर नव्हे. फेब्रुवारी ते मे या काळात पूर्वेकडील बाजूस वारा मोडणारे हिरवे कुंपण किंवा दाट नेट लावले तर कोरड्या वाऱ्याचा पहिला तडाखा टळतो. मांडवाखालची जमीन फरसबंद न करता खडी किंवा विटांचा चुरा टाकून सायंकाळी ती भिजवावी, पाने नव्हे. रात्री रंध्रे उघडणाऱ्या झाडांस हा जमिनीकडून येणारा ओलावा नेमक्या वेळी मिळतो, आणि पान कोरडेच राहते. फॉगर चालवावयाचाच तर अकरा ते तीनच्या दरम्यान, थोडा थोडा वेळ, आणि पावसाच्या साठविलेल्या पाण्यावर. शंभर चौरस मीटर छपरावर दोन हजार मिलिमीटर पाऊस पडतो तेव्हा दोन लाख लिटर पाणी उतरते; वाहून व उडून जाणारे वजा केले तरी दीड लाखाच्या आसपास हाती लागते. मचूळ विहिरीच्या काठी बसून क्षारांची चिंता करणाऱ्यास याहून सोपा मार्ग नाही.

राहता राहिला प्रश्न मापनाचा. बाजारात मिळणारे स्वस्त आर्द्रतामापक दहा टक्क्यांपर्यंत चुकतात, आणि खाऱ्या हवेत काही महिन्यांतच अधिक बिघडतात. ते तपासण्याची युक्ती घरगुती आहे. झाकणाच्या डब्यात मीठ घेऊन ते चिखलासारखे होईल इतकेच पाणी घालावे, शेजारी मापक ठेवून डबा घट्ट बंद करावा आणि आठ-दहा तासांनी पाहावे. आत ७५ टक्के आर्द्रता असली पाहिजे. जितका फरक तितकी दुरुस्ती प्रत्येक नोंदीत करावी. मापक मांडवाच्या खांबावर डोळ्यांच्या उंचीस न टांगता पानांच्या उंचीस, सावलीत टांगावा, तापमापक शेजारी असावा, आणि रोज तीन वेळा नोंद घ्यावी : पहाटे, दुपारी दोन वाजता व सूर्यास्तानंतर तासाभराने. नोंदवहीत आणखी एक रकाना ठेवावा : पाने किती वाजता कोरडी झाली. हा रकाना भरण्यास कोणतेही उपकरण लागत नाही, पण ऑगस्टमध्ये कुजवा कोणत्या आठवड्यात सुरू झाला हे शोधताना बहुधा तोच उपयोगी पडतो. नवीन पानावरील पहिला डाग दिसला की त्याच्याभोवती शाईने बारीक रेघ काढून तारीख लिहावी. सात दिवसांनी डाग रेघेच्या आतच असेल तर औषधाची बाटली उघडण्याचे कारण नाही.